दहाची सभा, साडेदहाची माणसं

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी एकतीस वर्षं टाइम ऑफिसात काढली. गेटाशेजारची खोली, भिंतीवर कार्डांचा फळा, आणि सातच्या शिफ्टला सात वाजून एक मिनिटानंतर जो येईल त्याच्या कार्डावर लाल शाईनं ‘लेट’. लोक मला तोंडावर साहेब म्हणत, पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या गावचे वीस-बावीस जण त्याच कंपनीत होते. कासू स्टेशनवरून खाली खाडीकडे उतरलं की आमचं गाव. तिथून कंपनीची बस सहाला सुटायची, आणि खोटं कशाला बोलू, गावच्या एकाही माणसाला मला कधी लाल शाई लावावी लागली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जी माणसं येणार आहेत ती हीच.

रिटायर झालो त्याच महिन्यात गावानं मला बांधाच्या संस्थेचा सचिव केलं. विचारलं नाही, केलं. “तुम्हाला लिवायची सवय हाय आणि आता काम पण नाय,” एवढंच मला सांगण्यात आलं.

ही संस्था काय ते सांगतो. आमची भातशेती खाडीला लागून आहे आणि भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मधे मातीचा लांबच लांब बांध आहे म्हणून भात होतं, नाहीतर नुसतं मीठ झालं असतं. बांधाला एका ठिकाणी लाकडी फळ्यांचं दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. भरती यायच्या आत फळ्या खाली टाकायच्या, ओहोटी लागली की वर घ्यायच्या, म्हणजे खारं पाणी बाहेर राहतं आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. बांधाच्या आत ज्याची जमीन, तो संस्थेचा सभासद. असे चौऱ्याऐंशी सभासद. माझीही दोन खाचरं आत आहेत, म्हणजे मीही त्यातलाच एक.

पहिल्या वार्षिक सभेला मी दहाला दहा कमी असताना समाजमंदिरात हजर झालो. नवं रजिस्टर, दोन पेनं, खाली झाडून अंथरलेल्या सतरंज्या. बरोबर दहाला अध्यक्ष आले. अध्यक्ष म्हणजे गावातले एक वजनदार गृहस्थ, अंगानंही आणि बोलण्यानंही. अठरा वर्षं तेच अध्यक्ष. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, उभे राहिले, घसा साफ केला आणि रिकाम्या सतरंज्यांना उद्देशून मोठ्या आवाजात म्हणाले, “गणपूर्तीअभावी ही सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे.” सतरंजीच्या कोपऱ्यावर एक कुत्रं पसरलं होतं. त्यानं एक कान हलवला. आणि रस्त्यापलीकडून आवाज आला, “बरं!”

मी दारात येऊन बघतो तर काय, समोरच्या चहाच्या टपरीवर, बाकड्यांवर, उभ्या मोटरसायकलींवर, आंब्याच्या पारावर अख्खी संस्था बसलेली! सवयीनं मी डोकी मोजली. त्रेचाळीस. गणपूर्तीला अठ्ठावीस लागतात, आणि इथे दहा पावलांवर त्रेचाळीस माणसं बशीत फुंकर मारत बसली होती.

“अहो, आत या की!” मी ओरडलो.

“साडेधाला येतो ना,” त्यातला एक मला समजावत म्हणाला. “धाला कोण येतं व्हय?”

मग अध्यक्षांनी मला आत बसवून सगळं सांगितलं. नियम असा की पुरेशी माणसं जमली नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि अर्ध्या तासानं त्याच जागी परत भरवायची. त्या वेळी मग किती का माणसं असेनात, सभा चालते. ज्यानं कुणी हा नियम केला त्यानं अडीअडचणीसाठी केला असणार. आमच्या गावानं त्याचा रिवाज करून टाकला. नोटिशीतच छापलेलं असायचं: सभा सकाळी दहा वाजता, तहकूब सभा साडेदहा वाजता. आता एवढं छापून दिल्यावर दहाला येणारा माणूस वेडाच ठरणार. “एकदा एक जावई आला होता दहाला, सासऱ्याच्या वतीनं,” अध्यक्ष म्हणाले. “नवीन होता बिचारा.”

साडेदहाच्या ठोक्याला चपलांचा ढीग दारात, सगळे आत. पंचवीस मिनिटांत सभा खल्लास. अध्यक्ष ठराव वाचायचे आणि वाक्य पुरं व्हायच्या आत चारी बाजूंनी “मंजूर, मंजूर!” हात वर नाहीत, मोजणी नाही, काही नाही. मी वहीत लिहायचं ‘सर्वानुमते’. सूचक आणि अनुमोदक यांची नावं आदल्या वर्षीच्या पानावरून उतरवायची अशी पद्धत होती, ती मी पाळली. त्यातले अनुमोदक वारले त्याला दोन वर्षं झाली होती हे मला सभा संपल्यावर कळलं. तोवर त्यांनी माझ्या वहीत सात ठरावांना अनुमोदन दिलं होतं.

हसू येतं ना? मलाही यायचं. पण त्याच सभेत मी एक वाक्य लिहिलं, आणि ते आठवलं की माझं हसू जातं.

त्या पावसाळ्यात उघाडीतून खारं पाणी आत शिरलं होतं आणि खालच्या बाजूची सात-आठ खाचरं जळून गेली होती. उघाडी सांभाळते ती एक बाई. आधी तिचा नवरा सांभाळायचा, तो गेल्यावर हिनं फळ्या हातात घेतल्या, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. बांधाच्या कडेलाच तिचं घर. गावाच्या नात्यानं ती माझी वहिनी. दिवसातून दोनदा फळ्या वर, दोनदा खाली, पाऊस असो, ताप असो. पाणी शिरलं ते डावीकडची खालची फळी कुजली होती म्हणून. फळी कुजलीय हे वहिनीनं ज्येष्ठातच अध्यक्षांना सांगितलं होतं, टपरीवर, माझ्यासमोर. अध्यक्ष “बघतो” म्हणाले आणि विसरले. आता सभेत कुणीतरी विचारलं, पाणी शिरलं कसं? अध्यक्षांनी एकदा छताच्या पत्र्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, “लिहा. उघाडीवरील बाईच्या हलगर्जीपणामुळे.”

मी लिहिलं. चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं.

फळी मात्र त्याच आठवड्यात गुपचूप बदलली गेली. तिच्यासाठी ठरावही लागला नाही.

चौथ्या दिवशी वहिनी माझ्या पडवीत आली. बसायला सांगितलं तर बसली नाही.

“भावजी, त्या वहीत माझ्यावर काय लिवलंय ते वाचा बघू.”

मी वाचलं. माझंच अक्षर मला वाचता येईना अशी माझी अवस्था.

“हलगर्जी म्हंजे मी झोपून ऱ्हायले असं ना?”

“तसंच काहीसं.”

“अकरा वर्सांत एक भरती चुकवली नाय मी. माझ्या पोरीला हळद लागत व्हती तवा सुद्धा मांडवातनं उठून फळ्या टाकून आले. खोडा ते.”

मी तिला नियम सांगितला. तेवढंच मला येतं. वही सभेची आहे, सभेत लिहिलेलं सभेतच बदलायचं. त्यासाठी कुणीतरी सभेत उभं राहून हरकत घ्यायची, आणि हरकत घेण्याचा अधिकार फक्त सभासदाला.

“मग मला सभासद करा.”

“तुमची जमीन नाही ना बांधाच्या आत. पोटनियमात तसं लिहिलंय.”

“मग मी कोणाच्या जमिनीसाठी पाणी अडवते?” ती म्हणाली, आणि ओहोटी लागली होती म्हणून निघून गेली.

त्या दिवशी मी ठरवलं की पोटनियम बदलायचा. जो उघाडी सांभाळतो त्यालाही सभासद करून घ्यायचं. एवढा मोठा न्याय मी करणार म्हणून मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. बायकोनं विचारलंसुद्धा, “आज काय एवढे खुशीत?” मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, “ते वाक्य तुम्हीच लिहिलंत ना?” मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी एसटी पकडून पेणला गेलो. रामवाडीला उतरून सहकाराच्या कचेरीत गेलो. तिथल्या क्लार्क बाई शांत होत्या, त्यांनी आमची फाइल काढून दिली, वर चहाही दिला. म्हणाल्या, “पोटनियम बदलता येईल. पण तहकूब सभेत पोटनियमाला हात लावता येत नाही हं. पहिल्याच सभेत, ठरलेल्या वेळेला, गणपूर्ती पाहिजे.” मग फाइल चाळत गेल्या. तहकूब, तहकूब, तहकूब. वीस-पंचवीस वर्षं मागे गेल्या तरी तेच. “फाइल मात्र छान ठेवलीय तुम्ही,” त्या म्हणाल्या. “सगळं अगदी एकसारखं.”

घ्या! म्हणजे वहिनीचं वाक्य खोडायला वहिनी सभासद पाहिजे, वहिनी सभासद व्हायला पोटनियम बदलला पाहिजे, पोटनियम बदलायला दहा वाजता अठ्ठावीस माणसं पाहिजेत, आणि आमच्या गावात दहा वाजता सभेला येणारं एक कुत्रं. तेही सभासद नाही.

पण मी टाइम ऑफिसचा माणूस. पुढल्या वर्षी मी कंबर कसली. नोटिशीतून तहकूब सभेची ओळच काढून टाकली. मग घरोघर फिरलो. सगळे म्हणाले, येतो की. पण म्हणताना प्रत्येकानं एक शेपूट जोडलं: “बाकीचे आले की येतो. मी एकटाच येऊन काय करू?” चौऱ्याऐंशी घरांत चौऱ्याऐंशी जण बाकीच्यांची वाट बघणार होते. एकाला मी सरळच विचारलं, “कंपनीची बस कधी चुकवलीस का रे?” तो म्हणाला, “बस थांबत नाय ओ साहेब. सभा थांबते.”  मी पुढच्या घराकडे वळलो.

सभेत दहाला येणाऱ्यांसाठी चहा आणि कांदाभजी ठेवली. दहा वाजता टपरीवरून एक जण आला, बारा जणांची भजी कागदात बांधून घेऊन गेला. साडेदहाला सगळे आले ते चिडूनच. नोटिशीत साडेदहा लिहिलं नाही म्हणून लोकांची गैरसोय झाली, अशी तक्रार माझ्याविरुद्ध नोंदवण्यात आली. ती मीच लिहून घेतली. त्याआधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचा विषय होता. मी वाचलं. ते वाक्यही वाचलं, जरा भरभर. “कुणाची हरकत?” अध्यक्ष म्हणाले. “कायम, कायम,” सगळे म्हणाले. सचिवाचं काम वाचायचं, असं म्हणून मी पान उलटलं. वहिनी खिडकीबाहेर उभी होती. तिला आत यायला परवानगी नव्हती, ऐकायला होती.

त्यानंतर मला ती कल्पना सुचली. अजूनही आठवली की कपाळावर हात मारावासा वाटतो. माणसं दहाला टपरीवर असतात ना? मग सभाच टपरीवर घ्यायची! पेणच्या बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, संस्थेच्या हद्दीत असली आणि नोटिशीत स्पष्ट लिहिली असली तर जागा कुठलीही चालेल. मी नोटिशीत स्पष्ट लिहिलं: स्थळ, समाजमंदिरासमोरील चहाच्या टपरीचे आवार. दोन वर्षांपूर्वी दहाला त्रेचाळीस होते, गेल्या वर्षी चाळीसच्या वर होते. आता फक्त रजिस्टर फिरवायचं, की झालं काम.

सभेच्या दिवशी दहाला पाच कमी असताना मी टपरीवर गेलो. टपरीवाला गाळणं हातात घेऊन एकटा उभा. बाकडी रिकामी, पार रिकामा, एक मोटरसायकल नाही.

“माझं गिऱ्हाईक काय केलंत ओ तुम्ही?” तो माझ्यावरच उखडला.

मी वळून बघितलं. रस्त्यापलीकडे समाजमंदिरात, सतरंज्यांवर, पंखा लावून, मांडीला मांडी लावून बेचाळीस माणसं बसलेली. ज्या सतरंज्यांवर त्यांनी दहाला बसावं म्हणून मी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं, त्याच सतरंज्यांवर! टपरीवरून चहाही मागवलेला होता. मी धावत गेलो. म्हटलं, अरे, हे काय चाललंय?

“सभा टपरीवर हाय ना?” एक वयस्कर सभासद म्हणाले. “मग टपरीवर बसून वाट कशी बघायची? हितं बसलो.”

मागे टपरीशी अध्यक्ष पोहोचले होते. त्यांनी घड्याळ बघितलं, रिकाम्या बाकड्यांना सांगितलं, “गणपूर्तीअभावी ही सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे,” आणि समाजमंदिरातून बेचाळीस जण एका सुरात म्हणाले, “बरं!”

देवाशप्पथ सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. साडेदहाला ते सगळे रस्ता ओलांडून टपरीवर आले, आणि मी निमूटपणे ‘सर्वानुमते’ लिहीत बसलो.

दुपारी उघाडीवर गेलो. वहिनी फळ्यांच्या खाचेतलं शेवाळ विळ्यानं खरवडत होती. मी तिला टपरीची हकिगत सांगितली. वाटलं, तिला वाईट वाटेल. ती इतकी हसली, इतकी हसली की विळा खाली ठेवून पोट धरून बसली. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “भावजी, तुम्ही घड्याळाची सभा लावता, म्हणून थांबते ती. पाण्याला सांगा बघू तहकूब.”

मला लगेच उमगलं नाही. मग तिनंच सांगितलं. श्रावणातल्या अमावस्येला वर्षातलं मोठं उधाण असतं, भर दुपारी. त्या दिवशी आमच्याकडे घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन बांधावर जातो, कुठे पाझर दिसला तर चिखल लावायला. आजोबा-पणजोबांपासूनचं आहे हे. त्याची नोटीस निघत नाही, कुणी बोलवायला जात नाही, आणि कुणी उशिरा येत नाही. “त्या दिवशी लावा सभा,” वहिनी म्हणाली. “हितंच.”

एवढं सोपं! मी त्या बाईच्या पायाच पडणार होतो.

पुढल्या श्रावणात मी नोटीस काढली. स्थळ: उघाडी. वेळ: सकाळी साडेअकरा. विषय एक, पोटनियम दुरुस्ती. विषय दोन, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. नोटीस नेहमीप्रमाणे कुणी वाचली नाही. अमावस्येला मी प्लास्टिकच्या पिशवीत रजिस्टर आणि इतिवृत्ताची वही घेऊन बांधाच्या तोंडाशी उभा राहिलो. तिथे बांध अरुंद आहे, माणूस एकामागे एकच जाऊ शकतो. कंपनीचं गेटच म्हणा ना. सव्वाअकराला पहिला आला. मी पेन पुढे केलं, त्यानं सही ठोकली. कशासाठी, विचारलंही नाही. साडेअकराला पाच कमी असताना अठ्ठाविसावी सही झाली आणि माझ्या अंगावर काटा आला. साडेअकराला एकसष्ट.

अध्यक्ष छत्री सावरत आले. घड्याळ बघितलं, घसा साफ केला. “गणपूर्तीअभावी ही सभा...”

मी त्यांचा दंड धरला. “अध्यक्ष, जरा मागे बघा.”

त्यांनी मागे बघितलं. बांधभर माणसं. गेली वीस वर्षं त्यांनी एकच वाक्य म्हटलं होतं, दुसरं त्यांना येतच नव्हतं. माझ्या कानाशी लागून ते हळूच म्हणाले, “मग आता काय म्हणायचं असतं?”

“सभेला सुरुवात करण्यात येत आहे.”

तसं ते म्हणाले, आणि बांधावर एकच गलका उडाला. आम्ही बांधावर आलोय, सभेला नाय! सही केलीत ना, मी म्हटलं. एक-दोघांनी परत फिरायचा प्रयत्न केला, पण मागे माणसं, दोन्ही बाजूंना पाणी, जाणार कुठे? आयुष्यात पहिल्यांदा ते सभेला वेळेवर आले होते, आणि चेहरे असे की जसं काही मी त्यांना फसवलं. तसं फसवलंच होतं म्हणा.

मी वाऱ्याच्या वर आवाज चढवून ठराव वाचला. या वेळी वाक्याच्या मधेच कुणी ‘मंजूर’ म्हणालं नाही. सतरंजीवर जे आपोआप तोंडात यायचं ते चिखलात उभं राहून येत नसावं. एकानं विचारलं, “म्हंजे वयनी सभेत बसणार?” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, “बसू दे की. हितं पावसात तीच उभी असते.” तो सूचक. त्याच्या शेजारचा अनुमोदक. दोघेही जिवंत, मी खात्री करून घेतली. मग हात वर करायला सांगितले. लोकांनी घमेली खाली ठेवली आणि हात वर केले, चिखलाचे, कोपरापर्यंत. मी दोनदा मोजले. अठ्ठावन्न. उरलेले तिघं एका पाझराला पोतं लावून ते दाबून धरत होते, ते ओरडून म्हणाले, आमचे पण धरा. मी म्हटलं, हात दिसल्याशिवाय धरता येत नाही. अशी खरीखुरी मोजणी आमच्या संस्थेत मी प्रथमच लिहिली.

वहिनी उघाडीच्या कठड्यापाशी उभी होती, एक डोळा पाण्यावर. मी जवळजवळ पळतच गेलो. “झालं वहिनी! झालात तुम्ही सभासद!”

“मग ते वाक्य खोडायचं सांगू आता?”

अध्यक्ष मागून आले होते. “तसं लगेच नाही,” ते म्हणाले. “हे आता पेणला मंजुरीला जाणार. मंजुरी आली की तुम्ही अर्ज करायचा. अर्ज कमिटीपुढे येणार. मग पुढल्या वार्षिक सभेत तुम्ही रीतसर हरकत घ्या ना. कोण नाही म्हणतंय?”

मी मान हलवली. नियम बरोबर होता.

 खाडीचं पाणी फळ्यांना लागलं होतं. वहिनीनं माझ्याकडे बघितलं.

“भावजी, हरकत सभासदानं घ्यायची ना?”

“हो.”

“मग तुम्ही कोण हाय?”

मला कुणी कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. तीन वर्षं मी पेणच्या फेऱ्या मारल्या, भजी तळली, टपरी गाठली, आणि या सगळ्याची गरजच नव्हती. ते वाक्य खोडायला पोटनियम लागत नव्हता, गणपूर्ती लागत नव्हती. कुठल्याही वर्षी साडेदहाच्या सभेत, “कुणाची हरकत?” असं अध्यक्षांनी विचारल्यावर मी एक हात वर केला असता तर पुरलं असतं. आणि मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. नियमच तर मला येतात. मला भीती वाटत होती, अध्यक्षांची आणि गावाची. सचिवानं खोटं लिहिलं असं कुणी म्हणेल याची. म्हणून मी तिला सभासद करायला निघालो होतो, माझं बोलणं तिनं बोलावं म्हणून. मला इतकी लाज वाटली की तोंड लपवायला जागा हवी होती, आणि बांधावर तेवढीही जागा नव्हती.

मी हात वर केला. “अध्यक्ष, ऐनवेळचा विषय.”

“आता काय?”

“तीन वर्षांपूर्वीच्या इतिवृत्तात उघाडीवरच्या बाईच्या हलगर्जीपणामुळे पाणी शिरलं असं लिहिलंय. ते खोटं आहे. फळी कुजली होती आणि तिनं ते आधीच सांगितलं होतं. ते वाक्य काढावं.”

 अध्यक्षांच्या छत्रीवर पाऊस वाजत होता.

“लिहिलं कोणी होतं?” ते म्हणाले.

“मी.”

“कोणाच्या सांगण्यावरून?” हे त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि मग त्यांनाच आठवलं.

“तुमच्या.”

त्यांनी एकदा आभाळाकडे बघितलं. आज वर पत्रा नव्हता. मग म्हणाले, “ज्यांना मंजूर असेल त्यांनी हात वर करा.” आणि आधी स्वतःचा केला, छत्रीसकट. मी मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिलं, कारण खाली एकही हात नव्हता. पोतं धरून बसलेल्या तिघांनीसुद्धा एकेक हात सोडवून वर काढला होता.

तीन वर्षांपूर्वीचं पान काढलं, छत्रीखाली धरलं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली. सवयीनं खिशातून लाल पेन आलं होतं. घड्याळ बघितलं. हात वर केल्यापासून रेघ मारेपर्यंत दोन मिनिटं.

वहिनीला पान दाखवलं. तिनं रेघेवरून चिखलाचं बोट फिरवलं. त्याचा डाग अजून त्या पानावर आहे.

“एवढंच व्हतं?” तिनं विचारलं.

“एवढंच.”

“मग तीन वर्सं?”

मी पेनाला टोपण लावलं. ती फळ्यांकडे वळली होती.

“पाणी चढलं,” ती म्हणाली. “सरका भावजी, वरची फळी टाकायची हाय.”

मी सरकलो.